परतीची खाच

कॉल ब्रॅमवेलने तोंड उघडलं, मोफीदने आरसा आत सरकवला, आणि डावीकडच्या खालच्या मोठ्या दाढेत त्याला आपली खाच दिसली. दुखत होती ती उजवीकडची दाढ. तिचा कोपरा उडाला होता, गाल लिंबाएवढा सुजला होता, आणि तिकडे बघायचं सोडून तो डावीकडेच बघत राहिला. पांढरं, नवं, घासून गुळगुळीत केलेलं फिलिंग. त्याच्या मागच्या कडेला, जिभेच्या अंगाने खाली उतरणारी, केसाहून जेमतेम जाड अशी एक खाच. अशी खाच या देशात दुसरं कुणी कोरत नाही. कोरतो तो डॉक्टर मोफीद ताद्रोस, कॉरिंडेल गावचा एकुलता एक दंतवैद्य, गेली बत्तीस वर्षं. आणि ही दाढ त्याने भरलेली नव्हती.

"आं?" कॉलने तोंड उघडं ठेवूनच विचारलं.

"काही नाही. उघडं ठेव."

खरं म्हणजे कॉल दात दाखवायला आलाच नव्हता. तो दारातूनच आत डोकावून म्हणाला होता, "ग्लेनिस आहे का रे?" ग्लेनिस म्हणजे बाहेरच्या टेबलावर सव्वीस वर्षं बसणारी बाई. तिच्या डायरीत नाव लागल्याशिवाय या गावात कुणाचा दात हलत नाही. पण दर मार्चमध्ये गावच्या शेतकी प्रदर्शनात ती स्पंज केकांची परीक्षक असते आणि त्या दिवशी दवाखाना वाऱ्यावर असतो. "ती केक चाखायला गेलीय," मोफीद म्हणाला. "मग मी उद्या येतो," कॉल म्हणाला. "उद्या कशाला? केक उरला का बघायला? गाल बघ तुझा. आत ये." "नको रे टॅड, तू कामात असशील." वेटिंग रूममध्ये फक्त एक माशी होती. मोफीदने त्याला दंडाला धरून आत आणलं, तेव्हा लोकर कातरायला फळीवरून वर ढकललेल्या मेंढीसारखा कॉल मागे मागे ओढत होता. हा सहा फुटी शेतकरी, ज्याने बत्तीस वर्षांपूर्वी गावात सगळ्यात आधी या खुर्चीत बसून तोंड उघडलं होतं. तेव्हा गावाला चार वर्षं दंतवैद्य नव्हता, आणि मिळाला तो इजिप्तचा, काळसर, मनगटावर काहीतरी गोंदलेला. पहिले नऊ दिवस कुणी फिरकलं नाही. दहाव्या दिवशी कॉल पबमध्ये पैज हरला आणि सात-आठ जणांना खिडकीबाहेर उभं करून आत आला. "मेलो तर गहू माझ्या भावाला," असं त्याने त्यांना ओरडून सांगितलं होतं. मेला नाही. बाहेर जाऊन त्याने तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं आणि त्या दिवसापासून डॉक्टर ताद्रोसचा टॅड झाला.

मोफीदने तुटलेली दाढ साफ केली, तात्पुरतं सिमेंट भरलं. हे करताना त्याने नेहमीप्रमाणे अनामिका शेजारच्या दातावर टेकवली. ही त्याची युक्ती होती. तीन वर्षांपूर्वी, एका सकाळी कॉफीच्या बशीवर कपाने बारीक टिकटिक सुरू केली, तेव्हापासूनची. उजवा हात. अगदी थोडा कंप. मोठ्या कामात कळायचंही नाही. कपाऐवजी त्याने मोठा मग घेतला, बशी बंद केली, सही छोटी केली, आणि तोंडात काम करताना बोट टेकवायला लागला. बोट टेकलं की हात गप्प बसायचा. कोणा डॉक्टरला दाखवलं नाही. बायकोला, अफाफला, सांगितलं नाही. आपला हात आपल्यालाच ठाऊक, दुसऱ्या कुणाला तो काय कळणार, अशी त्याची समजूत होती, आणि ती समजूत इतकी छान टिकली होती की त्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

"डावीकडची कधी भरून घेतलीस?" त्याने हातमोजे काढताना सहज विचारलं.

कॉलने छताच्या पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. "ती? ती जुनी आहे. तूच केलीस की."

गोणीतल्या गव्हाचं वजन नुसत्या नजरेने सांगणारा माणूस, आणि खोटं बोलायला त्याला पंखा लागला. पण मोफीदला ते लगेच कळलं नाही. कॉल गेल्यावर तो पाच मिनिटं स्टुलावर बसून राहिला. आपण भरली असेल. आपण भरली आणि विसरलो. हात गेला तर गेला, आता डोकंही चाललं. इजिप्तमध्ये, अस्युतला, त्याला दंतवैद्यकी शिकवणारे उस्ताद रूफाईल शेवटी शेवटी असेच झाले होते, तीच दाढ पुन्हा पुन्हा तपासायचे. खाच त्यांचीच. "घासाला आत जायला वाट सगळेच ठेवतात," ते म्हणायचे, "परतायला कोण ठेवतो? ठेव बाबा एक वाट. अडकलेलं पाणी धरून बाहेर येईल." पुस्तकात हे कुठेच नव्हतं. सिडनीत परवान्याच्या परीक्षेत परीक्षकाने त्याने भरलेली दाढ उजेडात धरली आणि हसून विचारलं, "हे काय? नाईलचा कालवा?" त्या वर्षी तो नापास झाला. आजतागायत त्याला वाटत आलं आहे की त्या खाचेपायीच झाला. दुसऱ्या वर्षीही त्याने खाच कोरली, आणि पास झाला. इतक्या हट्टाने जपलेली गोष्ट एखाद्याच्या तोंडात आपण करून ठेवू आणि विसरू, हे होईल कसं?

त्याने कपाटातून कॉलचं कार्ड काढलं. ग्लेनिसने संगणक कधी मानला नव्हता. सगळं गाव अजून पुठ्ठ्याच्या कार्डांवर होतं. शेवटची नोंद दोन वर्षं चार महिन्यांपूर्वीची. सफाई. खाली कोरं. म्हणजे डोकं शाबूत होतं. हे कळल्याचा आनंद त्याला सुमारे अर्धा मिनिट झाला. मग त्याने ग्लेनिसची डायरी उघडली आणि मागे मागे पानं उलटत गेला. कवळी. कवळी सैल. सफाई. कवळीचं माप. तपासणी. कवळी. मधे एखादं फिलिंग, तेही पुढच्या दाताचं, उथळ. दोन वर्षांत एक मूळ साफ केलेलं नाही, एक अक्कलदाढ काढलेली नाही. हे सगळं त्याने स्वतःच्याच हातांनी केलं होतं, रोज, आणि त्याला वाटलं होतं, गाव म्हातारं होत चाललंय. गाव म्हातारं होत नव्हतं. गावाने त्याच्याकडे फक्त ज्यांना दुखण्यासारखं तोंडात काही उरलं नाही तेवढेच पाठवले होते. दात नसलेल्यांचा दंतवैद्य. त्याला हसू आलं. बाहेर प्रदर्शनाच्या मैदानावरून लाउडस्पीकरवर कुणीतरी बैलाचं नाव पुकारत होतं.

खाच कोरणारा तो एकटाच नव्हता, हे त्याला तेव्हा आठवलं. आठवलं म्हणणं खोटं. कॉलच्या तोंडात आरसा फिरला तेव्हापासून ते त्याला माहीत होतं आणि तो त्याच्या भोवतीने फिरत होता. त्याची मुलगी इरिनी चौदा वर्षांची असताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर साबणाच्या वड्या घेऊन बसायची. तो तिला साबणात दाढ कोरायला शिकवायचा. सगळी दाढ झाली की शेवटची खाच. "थोडी मागे घे. आता उतरव. बस." घरभर साबणाच्या दाढा पडलेल्या असायच्या, अफाफ त्यांनी भांडी घासायची. पोरगी दंतवैद्य झाली, मेलबर्नला गेली. सहा वर्षांपूर्वी त्याने मागच्या खोलीत दुसरी खुर्ची बसवून घेतली, नवी, निळी, आणि फोनवर तिला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, त्या गावात मला श्वास घेता येत नाही. रागावू नका." तो रागावला नव्हता. खुर्चीवरचं प्लॅस्टिक त्याने काढलं नव्हतं एवढंच. महिन्यातून एकदा तो ते ओल्या फडक्याने पुसायचा.

चारच्या सुमाराला ग्लेनिस आली, हातात अर्धा स्पंज केक, पिशवीत गुंडाळलेला. टेबलावर उघडी डायरी आणि वर कॉलचं कार्ड बघितलं आणि तिने केक खाली ठेवला.

"कॉल आला होता वाटतं."

"त्याची डावी दाढ कुणी भरली, ग्लेनिस?"

"डॉक, चहा टाकू का?"

"अर्धाच टाक. तू नेहमी अर्धाच टाकतेस. मी इतकी वर्षं समजत होतो, तू चिक्कू आहेस."

ती खुर्चीत बसली. सत्तरीची बाई, नवरा पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर आलेली, पण आता तिला त्या कार्डाकडे बघवेना. "बेथ हॉलिसची जीभ आठवते?" ती म्हणाली. आठवत होती. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, अकरा वर्षांची पोर, ड्रिल घसरलं, जीभ कापली, तीन टाके. कार्डावर त्याने स्वतः लिहिलं होतं: पेशंट हलली. "ती हलली," तो आता म्हणाला. ग्लेनिसने पिशवीतला केक सरळ केला. "ती हलली, ग्लेनिस. तू आत होतीस." "हो, मी आत होते," ती म्हणाली, आणि तेवढ्यावरच थांबली. मग तिने सांगायला सुरुवात केली आणि तिला थांबवता येईना. हॉलिसांनी तक्रार केली नाही, करणारही नव्हते. पण फुटबॉल क्लबच्या खोलीत मीटिंग झाली. एकतीस माणसं होती. अध्यक्ष कॉल. बायकांनी चहाबरोबर खायला स्कोन आणले होते. कुणी सांगायचं टॅडला, असा प्रश्न निघाला. कुणी तयार होईना. मग ठराव झाला की सांगायचंच नाही. अवघड दात इथे आणायचे नाहीत, सोपे आणायचे, म्हणजे दवाखाना बंद पडणार नाही आणि तो रोज सकाळी पायी येईल, कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांशी दोन शब्द बोलेल, सगळं होतं तसं राहील. हात वर करून मतं घेतली. सगळे हात वर झाले.

हात वर झाले, हे ऐकून त्याला नेमकं त्या हातांचं दृश्य दिसलं, सगळे स्थिर. या गावातली एकही समिती अशी नव्हती जिच्यावर त्याला घेतलं नव्हतं. क्लब, अग्निशमन दल, प्रदर्शन, शाळेचं छप्पर. एकाच मीटिंगचं आमंत्रण त्याला नव्हतं, आणि ती त्याच्याविषयी होती. त्याची चूक ही की इतक्या वर्षांत तो या लोकांची गप्प राहण्याची रीत शिकला होता असं त्याला वाटत होतं. काही बिनसलं की हे म्हणणार, "चालतंय, मित्रा, होईल नीट", आणि तो खुशाल मान डोलावणार. इजिप्तमध्ये, मिनियात, त्याच्या गल्लीत, तुमचं काम आवडलं नाही तर बाई दारात येऊन सात पिढ्या काढेल, शेजारीपाजारी ऐकायला जमतील. इथल्या शांततेला तो विश्वास समजून बसला. इथे तोंडावर कुणी काही बोलत नाही, हे त्याने प्रत्येक नव्या शिक्षिकेला, प्रत्येक नव्या पोलिसाला सांगितलं होतं, विनोदाने, आपण इथलेच झाल्यासारखं.

"आणि अवघड दात कोण करतं?"

"ते मला विचारू नका. मी शब्द दिलाय."

"कुठे?"

डायरी मिटून ती म्हणाली, "टारगुल. एक शनिवार आड." आणि रडायला लागली. त्याने तिला रुमाल दिला. उजव्या हाताने दिला आणि दोघांनीही रुमालाकडे पाहिलं नाही.

घरी त्याने अफाफला काही सांगितलं नाही. ईस्टरआधीचा मोठा उपवास चालू होता, पंचावन्न दिवस मांस नाही, दूध नाही, आणि ती फुलच्या, म्हणजे बाकल्याच्या दाण्यांच्या उसळीच्या, वाटीवर लिंबू पिळत होती. ईस्टरला मेलबर्नला इरिनीकडे किती दिवस राहायचं, हे ती बोलत होती. तिने चहाचा ग्लास पुढे ठेवला. वरून दोन बोटं रिकामा. किती दिवस ती असा ग्लास भरतेय? त्याला आठवेना. ती हसली, आणि हसताना तोंडावर हात ठेवला. हेही कधीपासून? वयाने बायका लाजतात की काय, असं त्याला मागे एकदा वाटलं होतं आणि गंमतही वाटली होती. तेवढं मनात आलं आणि त्याने ते ढकलून दिलं. अफाफ नाही. गावाने केलं, पोरीने केलं, पण या घराच्या आत तरी कुणी नाही. माणूस कितीही शहाणा असला तरी एक भिंत धरूनच उभा राहतो. त्याने उरलेला चहा पिऊन टाकला आणि ग्लास स्वतः विसळला.

शनिवारी तो म्हणाला, बागेसाठी खत आणतो. टारगुल नव्वद किलोमीटर, दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाचे खुंट, कुठे कुठे जाळलेले, काळे. रस्ताभर त्याला आठवत राहिलं ते सहा वर्षांचा असतानाचं, मठाच्या जत्रेतलं. गोंदणाऱ्याची सुई, विजेची, माशीसारखी गुणगुणणारी. आईने त्याचं उजवं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. "हलू नकोस," ती म्हणत होती, "हललास तर क्रूस वाकडा होईल, जन्मभर वाकडा." तो हलला नाही. क्रूस सरळ आला, निळा, पुढे पसरून थोडा जाड झाला. कॉरिंडेलची सगळी पोरं खुर्चीत आडवी पडून खालून तोच बघायची. एकाने विचारलं होतं, "हे अधिकचं चिन्ह का काढलंय?" त्यानंतर कित्येक वर्षं शाळेत तो अधिक डॉक्टर होता. बेथ हॉलिसही तोच बघत होती. ती हलली होती का? त्याने त्या दुपारचा प्रत्येक क्षण पुन्हा लावून पाहिला. खिडकीतलं ऊन, पोरीच्या केसांना आलेला घोड्याचा वास, ग्लेनिसच्या हातातली नळी. पोर अगदी गप्प पडून होती. इतकी गप्प की त्याने तिला मधेच शाबास म्हटलं होतं.

टारगुलमध्ये खताच्या दुकानाशेजारी एक जुना दवाखाना होता. त्याने रस्त्याच्या पलीकडे गाडी लावली आणि काच वर ठेवून बसला. समोर तिरक्या लावलेल्या गाड्या होत्या आणि त्यातली प्रत्येक त्याच्या ओळखीची होती. हॉलिसांचा लाल पिकअप. टपालवालीची गाडी, एका बाजूला पोचा आलेली. अग्निशमन दलाच्या कॅप्टनचा कुत्रा, मागे बांधलेला. कुत्र्याने मोफीदला ओळखलं आणि शेपूट हलवलं. तेवढ्या सगळ्या गावात सांगितल्याशिवाय ओळख दाखवणारा तो एकटाच निघाला. माणसं आत जात होती, गाल धरून बाहेर येत होती, एकमेकांची विचारपूस करत होती. आपल्या वेटिंग रूममध्ये हा आवाज गेली दोन वर्षं नव्हता. कुंपणानेच शेत खाल्लं, तेही असं हसतखेळत, डबे घेऊन. डबे म्हणजे खरोखरच डबे, कारण तेवढ्यात ग्लेनिस तिच्या गाडीतून उतरली आणि मागच्या सीटवरून तिने एक निळा पत्र्याचा डबा काढला. झाकणावर बर्फातली घोडागाडी, कोपऱ्याला खड्डा. तो खड्डा इरिनीने पाचवीत असताना पाडला होता. त्या डब्यात अफाफ एक शनिवार आड द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात भरायची आणि म्हणायची, चर्चच्या बायकांसाठी. काल रात्रीही त्याने कुंपणावरच्या वेलीची पानं तोडून दिली होती. कोवळी बघून दिली होती.

त्याला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. आला नाही. आपण कुठे तरी नागडे उभे होतो आणि सगळ्यांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं, आणि सगळ्यात आधी बायकोने पाहिलं, तशी लाज वाटली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. रक्त येत नाही, म्हणून चाललेलं असतं.

इरिनी बाहेर आली ती डबा घेऊन. पायरीवर उभी राहून तिने एक गुंडाळी तोंडात टाकली, दुसरी उचलली, आणि कुत्रा कुणाकडे बघून शेपूट हलवतोय हे बघायला मान वळवली. मग तिने रस्ता ओलांडला, दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर येऊन बसली. हातमोज्यांची पूड अजून मनगटावर होती.

"किती वेळ बसलायत?"

"दोन दाढा आणि एक सफाई, एवढा वेळ."

ती हसली, मग हसायची थांबली. "कॉलचा फोन आला होता. म्हणाला, टॅडला कळलंय. रडत होता, बाबा."

"मला म्हणाला, तूच भरलीस."

"घाबरला तो."

"तू म्हणालीस, त्या गावात श्वास घेता येत नाही."

"नाहीच येत. म्हणून टारगुलला येते. पहाटे चारला उठून येते. तीन तास."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी! आणखी कुणासाठी?"

"माझ्यासाठी असतं तर माझ्यासमोर असतं. खुर्ची आहे तिथे. निळी."

"आणि काय म्हणायचं होतं मी? बाबा, सरका, तुमचा हात थरथरतोय?" तिचा आवाज चढला आणि तिने तो लगेच खाली आणला, रस्त्यापलीकडे कॅप्टन बघत होता. "तुम्ही तरी सांगितलंत? तीन वर्षं व्हिडिओवर बोलताना उजवा हात खिशात असतो तुमचा. मला वाटायचं, आज तरी काढतील. आज तरी म्हणतील, इरिनी, बघ गं हे काय झालंय. मी दंतवैद्य आहे, मुलगी आहे, तुम्ही मला एवढं सांगू शकला नाहीत."

हे त्याला लागलं. बरोबर होतं म्हणूनच लागलं. पण आपण लपवलं ते आपलं होतं, आपला हात. यांनी लपवलं ते सगळं आयुष्य. हा हिशेब त्याला तिच्यापुढे मांडता आला नाही. त्याऐवजी त्याने विचारलं, "खाच कशाला कोरलीस? ती नसती तर मला कधी कळलंही नसतं."

"लक्षातही येत नाही. हात आपोआप जातो तिथे." मग, जणू त्याला बरं वाटावं म्हणून, ती म्हणाली, "आणि लोकांना हवी असते ती. जीभ फिरवून बघतात. विचारतात, टॅडची खाच घातलीस ना?"

त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं. गावाला त्याची खाच हवी होती. फक्त हात नको होता. एवढं साधं होतं, आणि ते एवढ्या प्रेमाने केलं होतं की कुणावर ओरडायचीही सोय नव्हती.

"सगळ्यात आधी कोण आलं?" त्याने विचारलं. "मीटिंगनंतर. पहिलं."

इरिनीने हातातली गुंडाळी सोडायला सुरुवात केली. पान उलगडलं, भात मांडीवर सांडला. "मीटिंगच्या आधी," ती म्हणाली. "ते आईला विचारा." आणि रस्ता ओलांडून परत गेली, कारण आत तिचा पेशंट भूल चढून बसला होता.

घरी पोचायला त्याला दोन तास लागले. मधे एका वळणावर तो उगाच थांबला होता आणि खत विसरला होता. अफाफ स्वयंपाकघरात मसूर निवडत होती. तिने त्याचे रिकामे हात पाहिले.

"खत?"

"टारगुलला गेलो होतो."

तिने मसूर निवडणं थांबवलं नाही. दोन-तीन खडे बाजूला काढले. "जेवून घे आधी," ती म्हणाली. "मग काय ते बोल."

"तोंड उघड, अफाफ."

"मोफीद, तो हात पाहिला मी तेव्हा तू इतका आनंदात होतास. त्याच आठवड्यात शाळेच्या मुलांना घेऊन दात कसे घासायचे ते दाखवत होतास. मी कशी..."

"तोंड उघड."

पस्तीस वर्षं तिचं तोंड त्याने सांभाळलं होतं. मिनियात साखरपुड्याच्या दिवशी घरच्यांनी सोडलेल्या दहा मिनिटांत त्याने तिला वरचा सुळा किती सुंदर आहे ते सांगितलं होतं आणि तिने ते सगळ्या बहिणींना सांगून त्याची जन्माची थट्टा करून ठेवली होती. दर सहा महिन्यांनी ती त्याच्या खुर्चीत बसायची. गेली दोन-अडीच वर्षं म्हणत होती, काही दुखत नाही रे, मेल्या, आता या वयात काय बघायचं. तिने परात बाजूला सारली, हात पुसले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. दुपारचं ऊन तिच्या गळ्यावर पडलं. त्याने ड्रॉवरमधून वीज गेल्यावर लागणारा छोटा टॉर्च काढला आणि आरशाच्या जागी चहाचा चमचा घेतला. तिने मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि डोळे मात्र उघडेच ठेवले.

चमच्याच्या पाठीत तिची जीभ दिसली, मग पुन्हा हुकली. टॉर्चचा ठिपका दातांवर ठरेना. सुळ्यावर गेला, ओठावर आला, गालावर सांडला. अनामिका टेकवायला इथे सवयीची जागा मिळेना.

"हलू नकोस," तो म्हणाला.

ती हलत नव्हती.

मग तिने उजवा हात वर केला आणि खालून त्याचं मनगट धरलं, क्रूसावर, अंगठा घट्ट दाबून. ठिपका थांबला. खालच्या उजव्या बाजूची मोठी दाढ, पांढरं फिलिंग, आणि मागच्या कडेला खाच, थोडी मागे घेतलेली, हलके उतरवलेली, जिथे थांबायचं तिथे थांबलेली. त्याने ती बराच वेळ पाहिली. काम उत्तम होतं. अडीच वर्षांपूर्वी त्याने स्वतः केलं असतं तर इतकं चांगलं झालं नसतं. त्याने तिला तोंड मिटायला सांगितलं नाही, आणि तिनेही मनगट सोडलं नाही.